बाजूला ठेवलेले तीन प्रश्न

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोममधल्या ख्रिसाओरियस नावाच्या सिनेटरने ॲरिस्टॉटलचे ‘कॅटेगरीज’ वाचायला घेतले आणि त्याला त्यातले काही उमगेना. ज्याला विचारावे तो त्याचा गुरू पॉर्फिरी तेव्हा रोममध्ये नव्हता, सिसिलीत होता. सिनेटरने त्याला पत्र धाडले: परत या, आणि येणे जमणार नसेल तर हे पुस्तक कळेल असे काहीतरी लिहून पाठवा. पुढच्या काळातल्या ग्रीक भाष्यकारांनी सांगितलेली ही गोष्ट आहे. तिच्यात त्यांनी पदरचे थोडे घातलेही असेल, पण पॉर्फिरीने लिहिलेले पुस्तक आजही ख्रिसाओरियसला उद्देशूनच सुरू होते. पुस्तकाचे नाव ‘इसागोजी’, म्हणजे प्रवेशिका. १८८७ साली बर्लिनमध्ये निघालेल्या त्याच्या प्रमाण आवृत्तीत मूळ ग्रीक मजकूर २२ पानांत संपतो.

एवढ्याशा पुस्तकावर युरोप पुढची हजाराहून अधिक वर्षे तर्कशास्त्राचे पहिले धडे गिरवत राहिला. ते लॅटिनमध्ये गेले, सिरियाकमध्ये गेले, आर्मेनियनमध्ये गेले, अरबीत गेले. पॅरिसच्या विद्यापीठात ते नेमलेले होते आणि बुखाऱ्यातल्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या शिकवणीतही होते. पण मला सर्वांत थक्क करते ती वेगळीच गोष्ट. या पुस्तकातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे सुरुवातीची काही वाक्ये, आणि त्या वाक्यांत लेखक एवढेच सांगतो की या तीन प्रश्नांची उत्तरे मी इथे देणार नाही.

त्या प्रश्नांकडे वळण्याआधी हा माणूस कोण होता ते पाहू. पॉर्फिरीचा जन्म २३४ च्या सुमाराचा, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायर शहरातला. अथेन्समध्ये लाँजायनसकडे शिकून तो २६३ साली रोमला आला आणि प्लॉटिनसचा शिष्य झाला. पाच-सहा वर्षांनी त्याच्या मनाने असा काही ठाव सोडला की जीव द्यावा असे विचार येऊ लागले. प्लॉटिनसने ते ओळखले. तो अचानक त्याच्या घरी आला, म्हणाला की हे तुझ्या बुद्धीचे म्हणणे नाही, हा आजार बोलतो आहे, आणि हवापालटाला जा असे त्याने सांगितले. पॉर्फिरी सिसिलीला गेला आणि वाचला. हे सारे त्याने स्वतः प्लॉटिनसच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. तो तिकडे असतानाच, २७० साली, प्लॉटिनस वारला. गुरूचे विखुरलेले लेखन पुढे पॉर्फिरीनेच संपादित केले आणि ५४ प्रकरणे नऊ-नऊच्या सहा गटांत लावली. आज आपण वाचतो तो प्लॉटिनस या मांडणीतलाच आहे.

सिसिलीच्या त्या मुक्कामात ‘इसागोजी’ लिहिली गेली, अशी परंपरा आहे. ॲरिस्टॉटल वाचायचा तर पाच गोष्टी आधी पक्क्या कळल्या पाहिजेत, असे पॉर्फिरी सांगतो: जाती, उपजाती, व्यवच्छेदक धर्म, नियत धर्म आणि आगंतुक धर्म. नावे जड आहेत, पण मामला सरळ आहे. सॉक्रेटिस कोण, तर माणूस. ही उपजाती. माणूस म्हणजे काय, तर प्राणी. ही जाती. बैलही प्राणीच आहे, मग माणूस त्याच्यापासून वेगळा कशाने होतो? विवेकाने. हा व्यवच्छेदक धर्म. उरलेल्या दोन धर्मांपाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण पॉर्फिरीचे शिकवणे तिथे दिसते.

नियत धर्म म्हणजे एखाद्याचा खास स्वतःचा गुण. पण ‘खास स्वतःचा’ याचे अर्थ अनेक होतात. वैद्यकी किंवा भूमिती माणसालाच येते, पण प्रत्येक माणसाला येत नाही. दोन पाय प्रत्येक माणसाला असतात, पण ते पक्ष्यांनाही असतात. म्हातारपणी केस पिकणे हे त्याच्या मते फक्त माणसाचे आणि सगळ्या माणसांचे, पण आयुष्यभराचे नाही. मग सगळ्यांचे, फक्त त्यांचेच आणि कायमचे असे काय उरते? पॉर्फिरी म्हणतो, हसणे. माणूस सतत हसत नसतो, पण हसू शकणे हे त्याच्या ठायी जन्मापासून असते, जसे घोड्याच्या ठायी खिंकाळणे. मध्ययुगातल्या मठांत आणि विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे उदाहरण घोकले: माणूस हा हसू शकणारा जीव आहे. आणि तरीही पॉर्फिरी हसण्याला माणसाच्या व्याख्येत घेत नाही. विवेकामुळे माणूस माणूस होतो. माणूस झाला की हसणे पाठोपाठ येते. दोन गुण अगदी एकाच वस्तूंना लागू पडले तरी त्यांतला एक पाया असू शकतो आणि दुसरा त्यावर उभा असू शकतो, ही जाण इतक्या साध्या उदाहरणातून देणे सोपे नाही.

आगंतुक धर्म म्हणजे असला-नसला तरी वस्तू तीच राहते असा गुण. झोपणे हे त्यातले सोपे उदाहरण, कारण माणूस झोपेतून उठतो. अवघड उदाहरण कावळ्याचे आहे. काळा रंग कावळ्याला सोडून जात नाही, मग तो आगंतुक कसा? पॉर्फिरीचे उत्तर असे: पांढरा कावळा मनात आणून पाहा. तो आणता येतो, आणि रंग बदलूनही तो कावळाच राहतो. विवेक नसलेला माणूस तसा मनात आणता येत नाही. मनात येतो तो माणूस उरत नाही. डोळ्यांना जे कधी वेगळे दिसत नाही ते विचारात वेगळे करता येते का, ही कसोटी त्याने नवशिक्याच्या हाती दिली. आपल्याकडे न्यायशास्त्राने व्याख्येचे अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव असे दोष सांगितले आणि हे शब्द रोजच्या मराठीतही उतरले. त्या शास्त्राची गोडी असलेल्याला ‘इसागोजी’ परकी वाटणार नाही.

जाती आणि उपजाती हे नाते सापेक्ष आहे हे पटवायला पॉर्फिरी वंशावळीचा आधार घेतो. ॲगमेम्नॉन हा ॲट्रियसचा, ॲट्रियस पेलोप्सचा, पेलोप्स टँटॅलसचा, आणि शेवटी सगळे झ्यूसचे. मधला प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा आणि कुणाचा तरी बाप असतो. तसेच ‘प्राणी’ ही माणसाची जाती आहे आणि ‘सजीव’ची उपजाती. अगदी वर द्रव्य. द्रव्याचे दोन भाग, शरीर असलेले आणि नसलेले. शरीर असलेल्यांत सजीव आणि निर्जीव. सजीवांत संवेदना असलेले आणि नसलेले. संवेदना असलेले ते प्राणी. त्यांत विवेकी आणि अविवेकी. विवेकींत मर्त्य आणि अमर, कारण देवही विवेकी आहेत. विवेकी आणि मर्त्य तो माणूस, आणि त्याच्या खाली सॉक्रेटिस, प्लेटो अशा व्यक्ती. पॉर्फिरीने हे शब्दांतच मांडले. पुढे हस्तलिखितांत त्याची आकृती काढण्याचा प्रघात पडला आणि तेराव्या शतकापर्यंत ‘पॉर्फिरीचा वृक्ष’ हे नाव रूढ झाले.

हा वृक्ष मला मोहवतो, पण तो दिसतो तितका भक्कम नाही. त्याची एकच फांदी शेंड्यापर्यंत वाढलेली आहे, माणसाची. घोड्याकडे जाणारी फांदी पूर्ण करायला गेलो की घोड्याचा व्यवच्छेदक धर्म कोणता हे सांगताना अडते. मध्ययुगीन पंडित तिथे खिंकाळण्यावरच वेळ निभावत, आणि खिंकाळणे तर पॉर्फिरीच्या हिशेबात नियत धर्म. शिवाय ‘मर्त्य’ हा फाटा विवेकी प्राण्यांच्या खाली काढला, पण बैलही मरतोच; म्हणजे तोच फाटा दुसऱ्या फांदीवरही काढावा लागेल. उंबेर्तो एको या इटालियन लेखकाने १९८४ साली या वृक्षावर विस्ताराने लिहिले आणि दाखवले की नीट चौकशी केली तर तो वृक्ष टिकत नाही, भेदांच्या अमर्याद जाळ्यात विरून जातो. असे असूनही वरून खाली गुण वारशाने येत जाणारी उतरंड कागदावर कशी मांडायची, हे माणसाने या वृक्षावरून शिकून घेतले. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे आज ‘क्लास’ आणि ‘सबक्लास’ यांची जी रचना करतात तिचा घाट हाच आहे.

आता ते तीन प्रश्न. पहिला असा: जाती आणि उपजाती या खरोखर अस्तित्वात असतात की त्या केवळ आपल्या मनातल्या कल्पना असतात? दुसरा: असतातच, तर त्या शरीरधारी आहेत की अशरीरी? तिसरा: त्या इंद्रियांना जाणवणाऱ्या वस्तूंपासून वेगळ्या राहतात की वस्तूंमध्येच असतात? पॉर्फिरी म्हणतो की हा विषय फार खोल आहे, त्याला मोठी चौकशी लागते, तेव्हा इथे नको. आणि तो लगेच पाच शब्दांकडे वळतो.

शिक्षक म्हणून त्याने योग्यच केले. ख्रिसाओरियस दारात उभा होता, त्याला घरात घ्यायचे होते. तळघरातल्या भुयाराची वाट त्याला पहिल्याच दिवशी दाखवण्यात अर्थ नव्हता. पॉर्फिरीला उत्तरे सुचत नव्हती असेही नाही. तो प्लेटोच्या परंपरेतला होता आणि त्याची मते होती. पण प्लेटोचे की ॲरिस्टॉटलचे खरे हा वाद बाजूला ठेवून नवशिक्याला तर्काची हत्यारे देता येतात, हे त्याने ओळखले. त्याने जे गाळले ते मात्र तीन स्पष्ट प्रश्नांच्या रूपात गाळले, आणि ग्रंथाच्या पहिल्याच पानावर. पुढे ज्या ज्या शिक्षकाने हे पुस्तक वर्गात उघडले त्याला ते प्रश्न भेटत राहिले.

त्यांतला पहिला मोठा शिक्षक बोएथियस. सहाव्या शतकाच्या आरंभी, इटलीवर गॉथांचे राज्य असताना, या रोमन उमरावाने प्लेटो आणि ॲरिस्टॉटल संपूर्ण लॅटिनमध्ये आणण्याचा संकल्प सोडला. ‘इसागोजी’वर त्याने दोन भाष्ये लिहिली: पहिले मारियस व्हिक्टोरिनसच्या जुन्या भाषांतरावर, आणि ते अपुरे वाटल्याने दुसरे स्वतः नव्याने भाषांतर करून. दुसऱ्या भाष्यात तो त्या तीन प्रश्नांना भिडतो. त्याचे म्हणणे असे: रेषा शरीरावाचून कधीच नसते, तरी मन ती शरीरापासून सोडवून पाहते आणि त्यात काही चूक करत नाही. तसेच उपजातीचे. ती वस्तूंमध्ये असते, पण तिचा विचार वस्तूंपासून वेगळा होतो. हे सांगून झाल्यावर बोएथियस म्हणतो की ग्रंथ ॲरिस्टॉटलच्या पुस्तकासाठी आहे म्हणून मी ॲरिस्टॉटलची बाजू मांडली. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांत निवाडा करणे इथे उचित नाही, ते वरच्या तत्त्वज्ञानाचे काम. प्रश्न पुन्हा पुढे ढकलला गेला. संकल्प पुरा होण्याआधीच, ५२४ च्या सुमारास, राजा थिओडोरिकच्या हुकमाने बोएथियसला देहदंड झाला. ॲरिस्टॉटलचा बहुतेक भाग पुढची सहाशे वर्षे लॅटिन युरोपात पोचलाच नाही. शाळांकडे उरले ते बोएथियसने मागे ठेवलेले थोडे ग्रंथ, आणि त्यांच्या अग्रभागी ‘इसागोजी’.

याच काळात आपल्याकडे बौद्ध तार्किक दिङ्नाग लिहीत होता. त्याचा काळही साधारण बोएथियसचाच. गाय या शब्दाने सगळ्या गायींतले एक नित्य सामान्य, म्हणजे सगळ्यांना समान असे गायपण, कळते, असे नैयायिक म्हणत. दिङ्नाग म्हणाला की असे काही सामान्य नाही, ‘गाय’ म्हणजे केवळ गाय नसलेल्या सगळ्यांची व्यावृत्ती. दिङ्नाग आणि बोएथियस यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. तोच प्रश्न दोन दूरच्या देशांत एकाच पिढीला पडलेला असावा, याचे मला राहून राहून नवल वाटते.

पॉर्फिरीच्या बाबतीत आणखी एक नवल आहे. त्याने ख्रिस्ती धर्माविरुद्ध १५ भागांचा मोठा ग्रंथ लिहिला होता. बायबलमधले दानिएलचे पुस्तक त्यात दावा केलेल्या काळातले नसून इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रचले गेले, असे त्याने त्यात दाखवून दिले आणि आजचे बहुतेक अभ्यासक तेच मानतात. सम्राटांनी ४४८ साली तो ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. आज त्यातले विरोधकांनी उद्धृत केलेले तुकडेच उरले आहेत. आणि याच माणसाची प्रवेशिका ख्रिस्ती मठांत मुलांना शिकवली जात होती, जपून नकलली जात होती.

अकराव्या शतकाच्या अखेरीस त्या तीन प्रश्नांना धार चढली. रॉसलिन नावाच्या आचार्याने म्हटले की सामान्य म्हणजे तोंडून निघणारा नुसता आवाज. जगात व्यक्तीच तेवढ्या आहेत. हे ऐकून धर्मपीठ सावध झाले, कारण ख्रिस्ती त्रैक्यातल्या तिघांना एक ईश्वर म्हणायचे तर तिघांत काहीतरी खरोखर एक असायला हवे. १०९२ च्या सुमारास स्वासाँच्या धर्मसभेपुढे रॉसलिनला जाब द्यावा लागला. पॅरिसमध्ये ग्यिओम द शांपो उलट टोकाला होता. सगळ्या माणसांत माणूसपणाचे एकच द्रव्य अखंड असते, असे तो शिकवी. सॉक्रेटिस आणि प्लेटो वेगळे होतात ते वरवरच्या आगंतुक धर्मांनी.

या दोघांचाही शिष्य एकच, पीटर ॲबेलार. नाँतजवळच्या ल पाले गावचा, १०७९ चा जन्म. त्याने शांपोला भर वर्गात विचारले: प्राणिपणाचे द्रव्य सर्वांत एकच असेल, तर तेच द्रव्य सॉक्रेटिसमध्ये विवेकी आणि गाढवात अविवेकी, असे एकाच वेळी कसे? गुरूला आपला सिद्धान्त बदलावा लागला आणि त्याचा वर्ग ओस पडू लागला. आत्मचरित्रात ॲबेलार हे सांगतो तेव्हा त्याच्या सुरात विजयाचा कैफ आहे, पण युक्तिवाद खरोखरच भेदक आहे. त्याचे स्वतःचे उत्तर असे की सामान्य हे वस्तूत नाही, शब्दात आहे, अर्थासह उच्चारलेल्या शब्दात. सॉक्रेटिस आणि प्लेटो दोघेही माणूस ‘आहेत’ यात ते सारखे आहेत, पण हे ‘माणूस असणे’ म्हणजे तिसरी कुठली वस्तू नव्हे.

पॉर्फिरीच्या तीन प्रश्नांना ॲबेलारने स्वतःचा चौथा जोडला. जगातले सगळे गुलाब नाहीसे झाले तर ‘गुलाब’ या शब्दाला अर्थ उरेल का? नाव देण्याजोगे काही उरणार नाही, पण ‘गुलाब नाहीत’ हे वाक्य तर कळेल. म्हणजे शब्दाचा अर्थ वस्तूंवर पूर्ण अवलंबून नाही. एकोने आपल्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीच्या नावाबद्दल लिहिताना ॲबेलारच्या या गुलाबाची आठवण काढली आहे.

बाराव्या शतकाच्या मध्यावर जॉन ऑफ सॉल्झबरी हताश होऊन लिहितो की सीझरांना जग जिंकायला लागला त्याहून अधिक वेळ या प्रश्नाने खाल्ला. त्याच्या हताशेने काही थांबले नाही. १२५५ साली पॅरिसच्या कला विद्याशाखेने नेमलेल्या ग्रंथांची यादी केली, तिच्यात पॉर्फिरीचे पुस्तक आहेच. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा विद्यापीठात यायचा आणि आल्याआल्या या तीन प्रश्नांपुढे उभा राहायचा.

पूर्वेकडे पुस्तक सिरियाक ख्रिस्ती विद्वानांच्या हातून अरबीत आले. आठव्या शतकात त्याचा गोषवारा झाला, ९०० च्या आसपास अबू उस्मान अल्‌-दिमश्कीने नीट भाषांतर केले. बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेल्या इब्न सीनाने आत्मकथेत सांगितले आहे की नातिली नावाचे शिक्षक त्याच्या घरी उतरले आणि ‘इसागोजी’पासून शिकवणी सुरू झाली. त्यांनी जातीची व्याख्या सांगितली आणि या मुलाने तिची अशी चिकित्सा केली की शिक्षक चकित झाले. त्यांनी वडिलांना बजावले की याला विद्येखेरीज कशात गुंतवू नका. मोठेपणी त्याने दिलेले उत्तर मला या साऱ्या वादातले सर्वांत सुंदर वाटते. घोडेपण म्हणजे केवळ घोडेपण. ते स्वतः एकही नाही आणि अनेकही नाही, मनातही नाही आणि बाहेरही नाही. तबेल्यातल्या घोड्यात ते एक होते, मनात आले की सामान्य होते. एक की अनेक हा प्रश्नच त्याला चिकटत नाही. बाराव्या शतकात तोलेदोत त्याचे ग्रंथ लॅटिनमध्ये उतरले आणि पॅरिसचा वाद नव्या पातळीवर गेला. चौदाव्या शतकात विल्यम ऑफ ऑकमने ‘इसागोजी’वर भाष्य लिहून ठासून सांगितले की मनाबाहेर फक्त व्यक्ती आहेत.

तेराव्या शतकात असीरुद्दीन अल्‌-अबहरी याने अरबीत तर्काची एक छोटी पुस्तिका लिहिली. तिची सुरुवात त्याच पाच शब्दांनी होते आणि तिला ‘ईसागूजी’ हेच नाव पडले. लखनौच्या फिरंगी महालातले मुल्ला निजामुद्दीन १७४८ साली वारले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दर्स-ए-निजामी या अभ्यासक्रमात तर्काला मोठे स्थान होते, आणि आरंभीच्या पुस्तकांत ‘ईसागूजी’ आली. भारतातल्या मदरशांत ती आजही शिकवली जाते.

आणि पहिला प्रश्न? तो जीवशास्त्रात अजून धगधगतो आहे. डार्विनने १८५९ साली लिहिले की ‘स्पीशीज’ हा शब्द आपण सोयीसाठी लावतो. रॉसलिनला हे ऐकून बरे वाटले असते. १९४२ साली अर्न्स्ट मायरने उलट म्हटले की आपसात प्रजनन करणारे आणि इतरांपासून तुटलेले समूह निसर्गात खरोखर असतात, ते आपण कल्पिलेले नाहीत. १९७४ साली मायकेल गिसेलिनने तिसरीच बाजू मांडली: स्पीशीज ही जातीही नाही आणि कल्पनाही नाही, ती एक व्यक्ती आहे. तिला जन्म आहे, मृत्यू आहे, आणि एकेक वाघ तिचा नमुना नसून तिचा अवयव आहे. पॉर्फिरीच्या वृक्षात सर्वांत खाली, सॉक्रेटिसच्या ओळीत, वाघ नावाची अख्खी स्पीशीज नेऊन बसवण्यासारखे हे आहे. सह्याद्रीत पालीची किंवा बेडकाची नवी स्पीशीज सापडली की शोधनिबंधात ‘डायग्नोसिस’ नावाचा भाग असतो, आणि जवळच्या भावंडांपासून ती कोणत्या लक्षणांनी वेगळी ठरते ते त्यात नोंदलेले असते. व्यवच्छेदक धर्म लिहून झाल्यावरही त्या बेडकांचे वेगळेपण निसर्गाचे की आपले, यावर निबंध तपासणारे वाद घालत राहतात.